परार्थ याचना

अंधेरी स्थानकाच्या पूर्वेस उतरून महाकाली लेण्यांच्या दिशेने निघाले की दोन्ही अंगांनी वस्ती इतकी दाटलेली दिसते की, या भागात एके काळी शेते आणि ताडमाडांच्या रांगा होत्या यावर आज कोणाचा विश्वास बसू नये. तरी त्या रस्त्याच्या टोकाशी कोंडिविट्याच्या टेकडीत कोरलेली एकोणीस लेणी अद्याप जागच्या जागी आहेत, आणि त्यांतील चैत्यगृहात, जाळीदार खिडक्यांच्या वर्तुळाकार भिंतीआड, दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप अंधारात उभा आहे. येथे राहणारे भिक्षू रोज सकाळी पात्र घेऊन खालच्या वस्तीत उतरत असतील. विनयाच्या दंडकाप्रमाणे त्यांना तोंडाने काही मागण्याची मुभा नव्हती; दाराशी क्षणभर निःशब्द उभे राहावे, पात्रात पडेल ते घ्यावे, न पडल्यास पुढच्या दाराशी जावे, आणि उद्यासाठी काही शिल्लक ठेवू नये, एवढाच त्यांचा जमाखर्च. याच रस्त्यावर 1955-56 च्या सुमारास ‘बेथलेहेम हाउस’ नावाचे एक छोटे घर उभे राहिले. ज्यांचा आजार बरा होण्यासारखा नाही आणि ज्यांना रुग्णालयात खाट नाही व घरात जागा नाही, अशांसाठी ते होते. आणि ते उभारण्यासाठी मुंबईत दारोदार फिरणारा मनुष्य ब्रिटिश हवाई दलातील एक अत्यंत नामवंत लढवय्या होता. लेण्यांतील भिक्षू आणि हा सेनानी यांच्यामध्ये काळाचे, धर्माचे आणि वृत्तीचे केवढे अंतर आहे हे मी जाणून आहे. परंतु एकाच वाटेवरच्या या दोन याचकांचा विचार गेली कित्येक वर्षे माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा सेनानी म्हणजे लेनर्ड चेशायर. त्यांचा जन्म 1917 चा. वडील जेफ्री चेशायर हे ऑक्सफर्डचे नामांकित विधिशास्त्रज्ञ. कराराच्या कायद्यावर फिफूट यांच्या सहकार्याने त्यांनी लिहिलेला ग्रंथ आमच्याकडील वकिलांच्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या असे, आणि चेशायर हे नाव मी प्रथम वाचले ते माझ्या वकील वडिलांच्या टेबलावरील त्या ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर. मुलगा ऑक्सफर्डलाच कायदा शिकला, पण त्याचा ओढा वेगवान मोटारी, उधळेपणा आणि विद्यापीठाचे वैमानिक पथक यांकडे अधिक. महायुद्ध सुरू झाले आणि या उनाड तरुणाला जणू स्वतःची खरी जात सापडली. 1940 च्या नोव्हेंबरात तोफगोळ्याने कूस फाटलेले, आतून पेटलेले विमान त्यांनी जर्मनीवरून परत आणले तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. पंचविसाव्या वर्षी ते हवाई दलातील सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाले; आणि मग हा वरचा हुद्दा सोडून, एक पायरी खाली उतरून, त्यांनी 617 क्रमांकाच्या तुकडीचे आधिपत्य मागून घेतले, कारण हुद्द्याबरोबर आलेले टेबल त्यांना नको होते, विमान हवे होते. 1944 च्या सप्टेंबरात त्यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा त्या पदकाच्या इतिहासात विरळा म्हणावा लागेल. तो एखाद्या रात्रीच्या पराक्रमासाठी दिलेला नव्हता, तर चार वर्षे आणि शंभर मोहिमा सातत्याने टिकविलेल्या धैर्यासाठी होता.

त्या शंभर मोहिमांतील एक रात्र येथे जरा सविस्तर सांगणे अवश्य आहे. 1944 च्या फेब्रुवारीत फ्रान्समधील लिमोज येथील विमानांच्या एंजिनांच्या कारखान्यावर हल्ला करण्याचा हुकूम झाला. कारखाना जर्मनांच्या ताब्यात होता, पण रात्रपाळीला राबणारी माणसे, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया, फ्रेंच होती. चेशायर यांनी आपले अवजड विमान छपरांना घासेल इतके खाली आणून कारखान्यावरून एकदा नेले, वळवून दुसऱ्यांदा नेले, आणि पुन्हा वळवून तिसऱ्यांदा नेले, ते केवळ आत काम करणाऱ्यांना येऊ घातलेल्या संकटाची वर्दी मिळावी आणि त्यांना पळून जाण्यास अवधी मिळावा म्हणून. आणि मगच त्यांनी लक्ष्यावर खुणेचा अग्नी टाकला, ज्याच्या उजेडात मागून येणाऱ्या विमानांनी तो कारखाना नेस्तनाबूत केला. शत्रूला सावध करण्यात स्वतःचा जीव तीनदा पणाला लागत होता हे उघड आहे. या मनुष्याच्या पुढील आयुष्याचे बीज त्याच्या पश्चात्तापात होते असे मानणाऱ्यांनी ही रात्र नीट पाहावी, असे मला वाटते. कारण पश्चात्तापाची वेळ येण्यापूर्वीच, ऐन हिंसेच्या मध्यभागी, परक्याच्या जिवाची ही कळकळ तेथे हजर होती, आणि तिने त्याला बॉम्ब टाकण्यापासून परावृत्तही केले नव्हते. ही दोन्ही सत्ये एकत्र धरणे कठीण आहे, परंतु त्यांतील एकही सोडता येत नाही.

9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून शास्त्रज्ञ विल्यम पेनी यांच्यासह चेशायर एका सोबतच्या विमानात होते. ठरलेल्या ठिकाणी विमानांची गाठ पडली नाही, त्यामुळे स्फोट त्यांनी कित्येक मैलांवरून पाहिला. पुढच्याच वर्षी त्यांनी हवाई दल सोडले.

येथपर्यंत आलेला वाचक पुढचे कथानक स्वतःच पुरे करतो, आणि जगानेही ते तसेच केले. सेनानीने नरसंहार पाहिला, त्याचे हृदय विदीर्ण झाले, आणि उरलेले आयुष्य त्याने दीनसेवेत घालवून पापाचे क्षालन केले, असा हा साचा. आपल्याकडे तर तो अशोकापासून तयार आहे. कलिंगात एक लाख मेले आणि दीड लाख देशोधडीस लागले हे स्वतःच शिलेवर कोरून ठेवणारा तो सम्राट आपल्या मनात इतका खोल रुतला आहे की, शस्त्र खाली ठेवणाऱ्या प्रत्येकामध्ये आपण त्याचीच प्रतिमा शोधतो. या संबंधात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अशोकाचा तो अनुतापाचा तेरावा शिलालेख खुद्द कलिंगातील धौली आणि जौगड येथे कोरलेला नाही. तेथे त्याच्या जागी प्रजेला दिलासा देणारे आणि अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची ताकीद देणारे निराळे लेख आहेत. याचे कारण राजनीतीत शोधता येईल, परंतु मला त्यात आणखी काही दिसते. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्यासमोर मारणाऱ्याच्या अंतःकरणातील वेदना मांडून काय साधणार? त्यांना पाहिजे असतो न्यायी अंमलदार, सुरक्षित रस्ता आणि पोटाला अन्न.

चेशायर यांना हा साचा मान्य नव्हता. नागासाकीच्या अपराधभावनेतून आपले कार्य जन्मले, ही समजूत त्यांनी जन्मभर नाकारली. अणुबॉम्बने युद्ध संपविले आणि त्यामुळे अधिक प्राणहानी टळली, हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम होते. 1985 मध्ये त्यांनी बॉम्बच्या अर्थाविषयी एक पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘द लाइट ऑफ मेनी सन्स’, आणि ते नाव वाचताच आपल्याला गीतेचा अकरावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. त्यांचे ते मत मला पटत नाही. एका शहरातील वृद्ध, अर्भके आणि कैदी यांच्या देहांवरून शांततेकडे जाणारी वाट धर्म्य होती असे म्हणण्यास माझे मन धजत नाही, आणि हा मतभेद मी येथे झाकून ठेवू इच्छीत नाही. परंतु त्यांच्या नकारात एक प्रामाणिकपणा आहे, आणि त्यामागे एक गंभीर धर्मप्रश्न आहे, ज्याकडे प्रायश्चित्ताच्या सोप्या कथेमुळे आपले दुर्लक्ष होते.

तो प्रश्न असा. पुण्य आणि पाप यांची खाती एकमेकांत वळती करता येतात काय? व्यवहारात आपण सर्रास तसे मानतो. उजव्या बाजूस अन्नदान, डाव्या बाजूस अन्याय, खाली वजाबाकी आणि शिल्लक. सावकारी करून गावे बुडविणारा म्हातारपणी घाट बांधतो आणि गाव त्याला बेबाकीचा दाखला देऊन टाकते. परंतु कर्मविपाकाचा विचार आपल्या शास्त्रकारांनी केला आहे तो इतका सवलतीचा नाही. प्रायश्चित्ताची सोय धर्मशास्त्रात आहे, आणि प्राय म्हणजे तप व चित्त म्हणजे निश्चय अशी त्या शब्दाची फोडही तेथे केलेली आहे. पण ते तप पापाच्या ओळखीपासून सुरू होते, आणि एरवी सर्वसाधारण नियम असा की, सत्कर्माचे फळ वेगळे आणि दुष्कर्माचे फळ वेगळे, दोन्ही आपापल्या वेळी भोगावी लागतात, एकाने दुसरे फिटत नाही. मला हा कठोर वाटणारा सिद्धान्त अधिक दयाळू वाटतो. कारण समजा, अंधेरीतील एखाद्या पांगळ्या मुलाची सेवा ही जर्मनीतील कोण्या जळलेल्या मुलाच्या ऋणाची फेड असेल, तर त्या जळलेल्या मुलाच्या हाती काय पडले? आणि अंधेरीच्या मुलाचे तरी काय झाले? ते स्वतःच्या दुःखासाठी कोणाला प्रिय झाले नाही. कोण्या अनोळखी मृताच्या खात्यावरची नोंद म्हणून त्याला अंघोळ घातली गेली. प्रायश्चित्ताची कथा सेवकाला उदात्त करते, पण मेलेला आणि जगणारा या दोघांनाही ती त्याच्या आत्मशुद्धीची साधने बनविते.

प्रत्यक्षात घडले ते अगदी साधे होते. युद्धानंतर चेशायर यांनी माजी सैनिकांची एक सहजीवन वसाहत काढली, हॅम्पशायर परगण्यातील ‘ले कोर्ट’ नावाचा एक मोठा वाडा आपल्या नात्यातील एका स्त्रीकडून घेतला, आणि हा सारा उद्योग थोड्याच अवधीत डबघाईस येऊन डोक्यावर कर्ज व हाती तो रिकामा वाडा एवढेच उरले. 1948 मध्ये त्या वसाहतीतील जुन्या रहिवाशांपैकी आर्थर डाइक्स नावाच्या एका मनुष्याने वाड्याच्या आवारात आपली फिरती खोली उभी करण्यापुरती जागा मागितली. चौकशी करता रुग्णालयाने सांगितले की, त्यास कर्करोग आहे, तो थोड्याच दिवसांचा सोबती आहे, रुग्णालयाला त्याची खाट मोकळी हवी आहे, आणि जाण्यास त्याला कोठेही ठिकाण नाही. आपण मरणार हे खुद्द डाइक्सला कोणी सांगितलेले नव्हते. ते चेशायर यांनी सांगितले, आणि त्याला घरी आणले. घरात नोकर नाही, परिचारिका नाही, शिक्षण नाही. ज्याच्या शब्दासरशी विमानांचे ताफे आकाशात झेपावत, तो एका मरणोन्मुख माणसाचे अंग पुसू लागला, त्याची चादर बदलू लागला, त्याचे मलमूत्राचे भांडे धुऊ लागला. डाइक्स त्या ऑगस्टमध्ये गेला. तोवर एका नव्वदी ओलांडलेल्या वृद्धेसाठी विचारणा झालेली होती, तिच्यामागून आणखी कोणासाठी, आणि वाडा भरत गेला. डाइक्स कॅथलिक होता. त्याच्या मृत्यूच्या वेळच्या शांतीने चेशायर यांच्या मनातील धर्मजिज्ञासा जागी झाली आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

एक गोष्ट मात्र या क्रमात नजरेआड होऊ देऊ नये. धर्म आधी आला आणि सेवा त्यामागून, असे घडले नाही. तत्त्वज्ञानाचा निर्णय लागण्यापूर्वी माणूस दाराशी येऊन ठेपला होता, आणि त्याला आत घेणे किंवा न घेणे एवढाच प्रश्न शिल्लक होता.

आता पैशाचा प्रश्न उद्भवला, आणि येथून त्यांच्या आयुष्याचा तो भाग सुरू होतो जो मला लढाईपेक्षा अवघड वाटतो. दान देणाऱ्याची थोरवी आपल्या वाङ्मयात मुक्तकंठाने गायिली आहे. कर्ण, बळी, शिबी, रघू ही नावे उच्चारताच मन भरून येते. याचकाच्या वाट्याला मात्र उपेक्षाच आली. प्रतिग्रहाचा अधिकार असूनही ब्राह्मणाने तो टाळावा, त्याने ब्रह्मतेज क्षीण होते, असे मनूने बजावले. प्रत्यक्ष विष्णूलाही मागण्याची वेळ आली तेव्हा बुटके व्हावे लागले, हा वामनकथेचा मथितार्थ सुभाषितकारांनी पुनःपुन्हा घोळविला. परंतु स्वतःसाठी मागणे आणि दुसऱ्यासाठी मागणे यांत आपल्या परंपरेने भेद केलाच नाही असे नाही. समर्थांनी ‘दासबोधा’त भिक्षेसाठी स्वतंत्र समास योजला आणि लोकांची परीक्षा करण्याचे, गावोगावच्या अंतःकरणात शिरण्याचे साधन म्हणून तिचा गौरव केला. अलीकडच्या काळात धोंडो केशव कर्वे यांनी तर याचनेला आयुष्याची दिनचर्याच केली. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढून ते पुन्हा वर्गणी गोळा करण्यास निघाले.

मी स्वतः हे काम प्रथम पाहिले ते 1961 च्या जुलैमध्ये. पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला होता आणि आमच्या वाईच्या शाळेतील मुलांच्या टोळ्या पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करीत होत्या. आमच्या टोळीबरोबर शाळेचे कवायतीचे मास्तर होते. ते मराठा पलटणीतील पेन्शनर सुभेदार. इटलीच्या लढाईत त्यांनी पदक मिळविलेले होते आणि प्रजासत्ताकदिनी ते छातीवर लावून ते झेंड्यापुढे उभे राहत तेव्हा आम्हां मुलांचा ऊर अभिमानाने भरून येई. त्या दिवशी मात्र ते साध्या सदऱ्यात आले होते. एका हाती चीर पाडलेला पत्र्याचा डबा, दुसऱ्या हाती पावतीपुस्तक आणि त्यात घालायचा निळा कार्बन. वाटेत आमच्यापैकी एकाने धीर करून विचारले,

“मास्तर, आज पदक नाही लावलं?”

ते चालता चालताच म्हणाले, “अरे, त्याच्याकडे बघून कोणी दिलं, तर ते मला दिलं. पुण्याच्या लोकांना काय दिलं?”

गणपती आळीतील एका मोठ्या वाड्यात आम्हांला बराच वेळ ओसरीवर उभे केले गेले, आणि शेवटी आतून चार आणे आले. सुभेदारांनी पाट मागितला नाही, पाणी मागितले नाही. गुडघ्यावर पुस्तक टेकवून, कार्बन सारखा करून, त्या चार आण्यांची पावती त्यांनी इतक्या सुवाच्य अक्षरांत लिहिली की ती देताना माझ्याच हाताला ती जड वाटली. पुढच्या आळीत आल्यावर एका मुलाने त्या वाड्याच्या कंजूषपणाविषयी काहीतरी उद्गार काढला. त्याला त्यांनी तेथल्या तेथे घरी पाठविले. तेव्हा मला ती शिक्षा अन्यायाची वाटली होती.

त्यांच्या त्या एका वाक्याने चेशायर यांच्या बाबतीत मला पुष्कळदा अडविले आहे. कारण चेशायर यांचे पदक कधी उतरलेले नव्हते. ते सदऱ्यावर नसले तरी नावाला चिकटलेले होते. व्हिक्टोरिया क्रॉसवाला वीर दाराशी आला म्हणून दारे उघडत होती. मग लोकांनी दिले ते कोणाला दिले? मी या प्रश्नाचा विचार करताना येथवर येतो की, आपल्या कीर्तीशी मनुष्याने काय करावे याला दोनच मार्ग संभवतात. सुभेदारांप्रमाणे ती घरी पेटीत ठेवावी, किंवा ती स्वतःची मानणे सोडून देऊन, एखाद्या ट्रस्टाच्या मिळकतीसारखी, गरजवंतांच्या नावे चालवावी. दुसरा मार्ग फार निसरडा आहे, कारण कीर्ती वापरता वापरता ती पुन्हा आपली वाटू लागते. चेशायर यांनी त्यावर एक तोड योजली होती असे दिसते: प्रत्येक घर स्थानिक लोकांच्या समितीच्या हवाली करावयाचे, तेथील माणसांनीच पैसा उभा करावयाचा आणि कारभार हाकावयाचा, आणि आपण पुढच्या गावाकडे निघावयाचे. 1952 मध्ये त्यांना क्षयाने गाठले, शस्त्रक्रियांत फुप्फुसाचा भाग गेला, फासळ्या गेल्या, दोन वर्षे सॅनिटोरियमात काढावी लागली. आणि तेथून उठल्यावर अल्पावधीतच ते मुंबईत होते. 1959 च्या एप्रिलमध्ये मुंबईतच त्यांचा विवाह स्यू रायडर यांच्याशी झाला. यातना-छावण्यांतून वाचलेल्यांसाठी युरोपभर झटणारी ही बाई त्यांच्या तोडीची होती. दोघांनी मिळून देहरादून येथे कुष्ठरोगी, क्षयी आणि मतिमंद मुले यांच्यासाठी ‘राफेल’ हे केंद्र त्याच वर्षी आरंभिले. पुढे अशा घरांची, म्हणजे ‘चेशायर होम’ची, संख्या सुमारे पन्नास देशांत अडीचशेच्या वर गेली.

उतारवयात मात्र त्यांनी एक असा संकल्प केला, ज्यात तो जमाखर्च, जो त्यांनी आपल्या आयुष्याविषयी नाकारला होता, निराळ्या वेषात परत आलेला मला दिसतो. विसाव्या शतकातील युद्धांत मेलेल्या प्रत्येक जिवामागे पाच पौंड याप्रमाणे रक्कम जमवावयाची आणि तिच्या व्याजातून आपद्ग्रस्तांना मदत करावयाची. मृतांची संख्या सुमारे दहा कोटी धरलेली, म्हणजे मागणी पन्नास कोटी पौंडांची. या निधीसाठी 21 जुलै 1990 रोजी बर्लिनमध्ये, जेथे भिंत नुकतीच पडली होती त्या पोट्सडॅमर प्लाट्झवर, रॉजर वॉटर्स यांचा प्रचंड संगीताचा कार्यक्रम झाला. ज्या जर्मनीवर चेशायर यांनी बॉम्ब टाकले होते तिच्या राजधानीत, लाखोंच्या जमावासमोर, त्र्याहत्तरीच्या उंबरठ्यावरील या वृद्धाने पहिल्या महायुद्धातील एक शिटी फुंकून त्याचा आरंभ केला. जगभर कार्यक्रम पाहिला गेला. अपेक्षेच्या मानाने पैसा मात्र फारच थोडा हाती आला. माणशी पाच पौंड या हिशेबाने प्रथम मला अस्वस्थ केले. मृताची किंमत कोणी अशी ठरवावी काय, असे वाटले. पण श्राद्धाच्या पानावर आपण तरी काय करतो? मृताचे मोल होत नाही हे जाणूनच मूठभर भात वेगळा काढतो, आणि तो अखेर कावळ्याच्या किंवा भुकेल्याच्या मुखात जातो. पाच पौंड ही किंमत नव्हती, तो पिंड होता, असे मी आता समजतो. यात हत्येचे क्षालन कोठेही नाही; मारणारे आणि मारले गेलेले, जर्मन, इंग्रज, जपानी, हिंदी, सारे एकाच पंक्तीस बसविलेले आहेत.

येथवर मी देणारा आणि मागणारा यांच्याविषयीच लिहीत आलो, आणि आपल्या साऱ्या दानविचारात घडते तेच माझ्या हातूनही घडले. ज्याच्यासाठी मागायचे, तो तिसरा अजून बोललाच नाही. ले कोर्टमध्ये तो बोलला. 1956 मध्ये, म्हणजे अंधेरीचे घर आकार घेत होते त्याच सुमारास, पॉल हंट नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण तेथे राहावयास आला. त्याचे स्नायू क्षीण होत चाललेले होते, बुद्धी तल्लख होती. रात्री किती वाजता अंथरुणावर पडायचे, घराच्या कारभारात रहिवाशांचे म्हणणे कोण ऐकणार, यांसारख्या प्रश्नांवर तेथील रहिवाशांचे व्यवस्थापनाशी खटके उडू लागले, आणि हंट त्यांचा आवाज बनला. रहिवाशांनी आपली बाजू मांडली जावी म्हणून संशोधकांना पाचारण केले; त्या संशोधकांनी अशा घरांकडे पाहण्याची जी दृष्टी स्वीकारली तिने रहिवाशांना आपला विश्वासघात झाल्यासारखे वाटले. 1972 मध्ये हंटने वर्तमानपत्रात एक पत्र लिहून देशभरच्या अपंगांना संघटित होण्याचे आवाहन केले. त्यातून जी संघटना निघाली तिने असा विचार मांडला की, पांगळेपण शरीरात असेल, पण माणसाला असहाय करते ती समाजाची रचना. पायऱ्या, बंद दारे, नाकारलेली नोकरी, आणि दयेने बांधलेली वेगळी घरेसुद्धा. पुढे ले कोर्टमधील काही रहिवाशांनी, त्यांना तेथे ठेवण्यास सरकारचा जो पैसा लागत होता तोच आपल्या हाती मागून घेऊन, वाडा सोडला आणि गावात स्वतःच्या घरी, स्वतः निवडलेल्या मदतनिसांसह राहण्यास सुरुवात केली.

याला कृतघ्नता म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. मला ते म्हणणे मान्य नाही. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले ते दानाने माणूस खचतो आणि श्रमाने उभा राहतो या निष्ठेवर. त्या निष्ठेत आणि हंटच्या बंडात मला एकच स्वाभिमान दिसतो. हंट दान मागत नव्हता, हक्क मागत होता. आणि तरीही, ज्या छपराखाली बसून त्याने ते पत्र लिहिण्याइतके विचार जमविले, ते छप्पर आधी कोणीतरी मागून आणलेले होते, हेही मी विसरू शकत नाही. रुग्णालयाला डाइक्सची खाट मोकळी हवी होती तेव्हा हक्काचा कायदा त्याच्या कामी आला नसता. त्या आठवड्यात त्याला एक खोली आणि पाठ पुसणारा हात लागत होता. हक्क आणि दया यांचा क्रम कोणता, हे पुस्तकात ठरविता येते. दाराशी उभ्या असलेल्या माणसासमोर ते तसे ठरविता येत नाही. तेथे दया आधी धावते, आणि मग जो उठून बसला तो आपल्या हक्काची भाषा बोलू लागला, तर दयेने बाजूला सरकून त्याला वाट द्यावी लागते. चेशायर यांच्या संस्थेला ही वाट देण्यास पुष्कळ वर्षे लागली. परार्थ याचना करणाऱ्यांच्या तपश्चर्येत हा शेवटचा भाग सर्वांत कठीण असावा: देणाऱ्यापुढे वाकताना गर्व गेला असे वाटते, पण ज्याच्यासाठी वाकलो त्याने आपल्याकडे पाठ फिरवली की, तो कोठे दडून बसला होता ते कळते.

1991 मध्ये चेशायर यांना उमरावपद मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांना एक व्याधी जडल्याचे निदान झाले, जिच्यात चेतातंतूंची शक्ती ओसरत जाऊन हातपाय, वाणी आणि गिळणे एकामागून एक साथ सोडतात आणि बुद्धी मात्र शाबूत राहते. अशाच व्याधींच्या माणसांसाठी त्यांनी चव्वेचाळीस वर्षे दारे ठोठावली होती. सफक परगण्यातील कॅव्हेंडिश या गावी, जेथे त्यांच्या पत्नीने असहाय लोकांसाठी घर चालविले होते आणि त्याच घरात पतिपत्नींचे बिऱ्हाड होते, तेथे त्यांनी ते महिने काढले. आता अंग पुसण्यासाठी, कूस बदलण्यासाठी, घोटभर पाण्यासाठी त्यांना दुसऱ्याचा हात लागत होता. 31 जुलै 1992 रोजी ते गेले. ले कोर्टमधील त्या पहिल्या खाटेप्रमाणे हीही खाट मग दुसऱ्या कोणासाठी मोकळी झाली असेल.